द्वारकाताईची परात

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. टाळायला फार अक्कल लागत नाही. दत्तू जिवंत आहे तोवर नको, असं म्हणत राहिलो. मग दत्तू गेला. तेव्हा, आता ऐकणारं तरी कोण उरलंय, असं म्हणायला लागलो. घरात कुणी चाळीच्या दिवसांबद्दल विचारलं की मी गिरणीचे भोंगे, गणपतीतली नाटकं, नळावरची भांडणं असं सगळं रंगवून सांगायचो आणि एका हिवाळ्याला वळसा घालून पुढे निघायचो. त्या वळशाची इतकी सवय झाली की मधून सरळ रस्ता जातो हेही विसरायला झालं.

यंदा नातसुनेची पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने बाजारातून आणायचे नाहीत, घरीच करायचे, असं सुनेनं ठरवलं आणि माळ्यावरची मोठी पितळी परात खाली काढली. चिंच लावून घासली. घासता घासता तिला काठावर कोरलेली अक्षरं दिसली. आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. लग्नात मिळालेल्या प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून घ्यायचं, म्हणजे कार्याला गेलेलं भांडं घरी परत येतं.

"बाबा, ही द्वारका कोण?"

"असेल कुणीतरी."

"असेल म्हणजे? परात आपल्याकडे, नाव दुसऱ्याचं. द्यायची राहिली का?"

मी पेपर वर धरला. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. पण आतून परातीचा आवाज आला. ओट्यावर ठेवताना ती जराशी कशाला तरी लागली असेल. तो आवाज मी ओळखला. परळच्या आमच्या चाळीच्या जागी आता ही उंच इमारत आहे. इथे खालचे आवाज वर पोचत नाहीत. हा मात्र पोचला.

गिरणगावात थंडी अशी फार नसायचीच. पहाटे नळावर पाणी जरा बोचायचं, धुराड्यांचा धूर वर न जाता छपरांवर रेंगाळायचा, आणि पहिल्या पाळीला निघालेली माणसं मफलर गुंडाळून जायची. मफलर थंडीपेक्षा हौसेचा. गल्लीच्या तोंडावर बोरं, ओला हरभरा, उसाची कांडकी घेऊन बायका बसायच्या. भोगीच्या भाजीला घरोघर तिळाचा वास सुटायचा. आणि तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, द्वारकाताई हलवा करायला बसायची.

हलवा करताना तिला बघत बसणं हा आमचा हिवाळ्यातला उद्योग होता. शेगडीत निखारे, तेही राखेखाली अर्धे झोपलेले. त्यावर ही परात. परातीत तीळ. साखरेचा पाक चमच्यानं थेंब थेंब सोडायचा आणि उघड्या बोटांनी तीळ हलवत राहायचे. एक थेंब, मग कितीतरी वेळ नुसतं हलवणं. दुपार जायची, दुसरा दिवस जायचा. तिळावर आधी नुसती पांढरी झाक यायची, आणि मग एकदम कधीतरी काटा फुटायचा.

"जास्त घाल की पाक, लवकर होईल," मी एकदा म्हणालो.

"घालून बघ," ती म्हणाली. "गोळो होतलो. मग खा फोडून."

तिच्या बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झाली होती. चाळीत कुणाही नव्या सुनेची पहिली संक्रांत असली की दागिने तिच्याच हातचे. हार, बाजूबंद, बिंदी, सगळं. गंमत अशी की ते दागिने घालून नवी सून ज्या हळदीकुंकवाला बसायची, तिथे द्वारकाताईला बोलावणं नसायचं. तिचा नवरा गिरणीत तापानं आजारी पडून गेलेला. कुंकवाचा मान नाही, हलव्याचा आहे. यात काही चुकतं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

नवरा गेल्यावर ती पोलिसात लागली. तेव्हा बायका पोलिसात असतात हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. ती गणवेशाचं पातळ नेसून जिना उतरायला लागली की चुली पेटवणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. "काय गो शिपायणी, आज कोणाक पकडतलंस?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "तुझ्याच घोवाक. दारू कमी करूक सांग." सगळ्या हसायच्या. थट्टेत राग नव्हता. राग त्या हिवाळ्यात आला.

तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा हिवाळा. मुंबई आपल्याला मिळणार की नाही, याखेरीज गिरणगावात दुसरा विषय नव्हता. मोर्चे, हरताळ, जमावबंदी, आणि गोळीबारात गेलेल्या माणसांच्या बातम्या. ती माणसं आमच्यासारख्याच चाळींतली. संध्याकाळी कुठल्या तरी गल्लीतून रडणं ऐकू यायचं आणि आमच्या चाळीतलं बोलणं थांबायचं. अशा दिवसांत खाकी रंग नुसता दिसला तरी माणसं थुंकायची. आणि त्या रंगाचं एक माणूस आमच्याच चाळीत, आमच्याच नळावर पाणी भरत होतं.

तरीही सुरुवातीला चाळीनं द्वारकाताईला सांभाळून घेतलं. त्याचं श्रेय माझ्या आईला. बायकांच्या मोर्च्यात आई पकडली गेली होती. संध्याकाळी सुटून आली ती तापलेल्या चेहऱ्यानं नव्हे, जरा गोंधळून.

"आत नेलं," आई सांगत होती, "आणि म्हटलं आता शिव्या ऐकायच्या. तर समोर आपली द्वारका. म्हणाली, बसा काकी. सगळ्यांना तेच, बसा. ओळख नसलेल्यांनापण. पाणी दिलं. मला वाटलं, कुणाच्या घरीच आले की काय."

"घरी असल्यासारखं वाटलं तर परत जा उद्या," वडील म्हणाले.

"जाणारच आहे," आई म्हणाली आणि पदर खोचून चुलीकडे वळली.

आम्ही तरुण मुलं गच्चीवरच्या खोलीत फलक रंगवायचो. दत्तूचं अक्षर सुंदर. गिरणीत तो साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा, पण हातात कुंचला आला की साचेवाल्याचा चित्रकार व्हायचा. जमावबंदी असल्यामुळे चारचौघांनी जमणं हाच गुन्हा. म्हणून राखण ठेवायची. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी दिसली की तिसऱ्या मजल्याच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलानं परात वाजवायची, मग गच्चीवरचे सगळे शेजारच्या चाळीत पसार व्हायचे. त्या काळी गल्लीगल्लीत ताटं वाजायची. आमच्याकडे परात, कारण द्वारकाताईच्या परातीइतका आवाज परळात दुसऱ्या कुठल्या भांड्याला नव्हता.

ती मागायला मी आणि दत्तू गेलो होतो. तिचा त्या वर्षीचा हलवा झालेला होता. माझ्या वहिनीची पहिली संक्रांत, तिचे दागिने ओवायचे चालले होते.

"ताई, परात दे गो."

"कशाला?"

दत्तू बोलायला लागला तशी तिनं हात वर केला. "नको. सांगू नकोस. मी ऐकलंच नाय. संक्रांत झाली की धुवून परत द्या, बस."

आम्ही जिना चढताना हसत होतो. पोलिसांच्याच परातीनं पोलिसांना चकवायचं, यात आम्हांला फार मोठा विनोद दिसत होता.

त्या दुपारी राखण माझी होती. ऊन कोवळं, गल्लीत शांतता. द्वारकाताई दुपारच्या ड्युटीला निघाली होती. मी सहज विचारलं, सहज म्हणजे काय, आशेनंच, "ताई, आज गाडी येतली काय गो?"

ती थांबली. मी तिला इतकी कडक झालेली कधी पाहिली नव्हती.

"माका विचारू नको, वसंता. माहीत असलं तरी सांगणार नाय, नसलं तरी सांगणार नाय. माझी नोकरी आहे ती. तुझं काम तू कर. डोळे उघडे ठेव."

आणि ती उतरून गेली. इतकंच बोलणं. हे वाक्य मी गेली इतकी वर्षं मनात जसंच्या तसं ठेवलंय आणि कुणासमोर मात्र कधी उच्चारलेलं नव्हतं.

संक्रांतीच्या तोंडावर लालबागच्या बाजूनं आकाशात पतंगच पतंग. चळवळ काय आणि हरताळ काय, पतंग उडायचे थांबले नव्हते. एक लाल-पांढरा, मोठा, नवाकोरा पतंग कुणीतरी काटला आणि तो डुलत डुलत आमच्या चाळीवरून मागच्या बाजूला उतरायला लागला. मागे मांजा, लांबच लांब, उन्हात चमकणारा.

मी तेव्हा मिसरूड फुटलेला, सभेत घोषणा देणारा तरुण होतो. मुंबईसाठी जीव देईन असं छाती काढून सांगणारा. आणि मी परात भिंतीला टेकवून पतंगामागे धावलो. मागच्या गॅलरीत, संडासांच्या रांगेपाशी, कठड्यावर वाकून मांजा पकडला. मांजा बोटात रुतला. पतंग हाती आला.

परत आलो तेव्हा गाडी गल्लीत शिरलेली होती. बुटांचा आवाज खालच्या जिन्यावर. मला हे लिहिताना अजूनही तो क्षण संपवता येत नाही, कारण तो संपलेला नव्हता. अजून दोन मजले मध्ये होते. परात समोर होती, लाटणं शेजारी. एक फटका मारायला हवा होता. पण आता वाजवली तर सगळे विचारतील, आत्ता का, आधी कुठे होतास. हात वर गेला नाही. मी आमच्या खोलीत शिरलो आणि पतंग फाडून, चुरगाळून, लाकडं ठेवायच्या कोपऱ्यात खुपसला.

गच्चीवर पळापळ झाली. बाकीचे पकडले गेले आणि काही दिवसांनी सुटले. दत्तू पकडला जायला नको म्हणून पाइपावरून खाली सरकत शेजारच्या कोळशाच्या वखारीच्या पत्र्यावर उडी मारायला गेला. पत्रा मोडला. तो उजव्या हातावर पडला.

संध्याकाळी सगळी चाळ गॅलरीत जमली होती. दत्तूची आई भिंतीला टेकून बसली होती आणि एकच म्हणत होती, "माझ्या झिलाचो हात मोडलो. उजवो हात." कुणीतरी मला विचारलं, "वसंता, राखण तुझी होती ना रे? परात का नाय वाजली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आईसुद्धा.

"द्वारकाताई म्हणाली, आज काय नाय. गाडी येणार नाय, म्हणाली. म्हणून मी..."

वाक्य पुरं करावं लागलंच नाही. ते पुढचं चाळीनं पुरं केलं. पोलिसाची बाई. मुद्दाम फसवलं. परातसुद्धा मुद्दाम दिली असेल. घरात साप पाळला आपण. एक एक शब्द वाढत गेला आणि मी सुटलो. माझ्या आईनं फक्त एकदा, हळू आवाजात विचारलं, "असं म्हणाली द्वारका?" मी मान डोलावली.

द्वारकाताई ड्युटीवरून आली. जिन्याच्या वरच्या पायरीवर तिनं सगळे चेहरे पाहिले. कुणीतरी तोंडावर 'फितूर' म्हटलं. काय झालं ते तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर ती माझ्याकडे वळली.

"वसंता, मी काय म्हटलं ते तुला माहीत आहे."

मी खाली अंगणातल्या नळाकडे बघत राहिलो. नळ गळत होता. ती थांबली, मी काही बोलेन म्हणून थांबली असणार. मग आपल्या खोलीत गेली. तिनं दार आपटलंही नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

संक्रांतीला ती दरवर्षीसारखी तिळगुळाची डबी घेऊन निघाली. खरं तर तिनं निघायला नको होतं. पण ती निघाली. पहिलं दार आमचं. मी उघडलं. तिनं चिमटीत हलवा धरला होता, पांढराशुभ्र, काटेरी.

"तिळगूळ घे रे, गोड बोल."

माझ्या मागे आई उभी, गॅलरीत शेजारी उभे. मी चौकटीला हात धरून तसाच राहिलो. हात पुढे केला नाही. तिची नजर माझ्या त्या हातावर जराशी थांबली. मग तिनं हलवा पुन्हा डबीत ठेवला, झाकण लावलं. "बरं," म्हणाली. पुढच्या दारांनी माझंच पाहून केलं. गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन ती तशीच भरली डबी घेऊन परत आली.

वहिनीचे दागिने तिच्याकडे ओवून तयार होते. आणायला कुणी गेलं नाही. हिंदमाताजवळून घेतलेल्या काळ्या चंद्रकळेवर वहिनी बिनदागिन्यांची बसली आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर रडू आवरत राहिली. मग एक दिवस सकाळी आमच्या उंबऱ्याशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. हार, बाजूबंद, बिंदी. आईनं ते उचललं, देवाजवळ ठेवलं. वहिनीला घालू दिलं नाही आणि टाकूही दिलं नाही. शेवटी मुंग्यांनी खाल्लं.

नळावर तिची बादली रांगेत कितीही पुढे असली तरी मागे ढकलली जायची. ती ढकलणाऱ्याकडे बघायचीही नाही. उन्हाळा लागला तेव्हा ती चाळ सोडून घोडपदेवला पोलिसांच्या खोल्यांत राहायला गेली. टांगा आला होता. सामान फार नव्हतंच. परात मागायला ती आली नाही आणि आम्ही दिली नाही. ती आमच्या माळ्यावर गेली.

पुढे राज्य झालं. ज्या दिवशी झालं त्या दिवशी चाळीवर दिवे लावले, पेढे वाटले. दत्तूनं डाव्या हातानं पेढा घेतला. त्याचा उजवा हात मनगटातून वाकडाच बसला. साच्यावर तो परत उभा राहू शकला नाही, आणि अक्षर तर गेलंच. गिरणीच्या दारासमोर त्यानं चहाची टपरी टाकली. मी शिकलो, गिरगावातल्या शाळेत मास्तर झालो. दत्तूच्या टपरीवर मी वर्षानुवर्षं चहा प्यायलो. चळवळीचा विषय निघाला की तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्यात एक फितूर होती, म्हणून हा हात. नायतर गाडी आली नसती आणि आली तरी वसंतानं परात वाजवली असती. काय रे वसंता?" मी चहात बघायचो. एका माणसाचं नाव आणि एका माणसाचा हात, दोन्ही माझ्याकडे होते. एकाचं परत करायचं तर दुसऱ्याचं कबूल करावं लागत होतं.

द्वारकाताईच्या बातम्या उडत उडत यायच्या. जमादार झाली. मग वरच्या परीक्षा दिल्या. मग नव्या भरतीच्या मुलांमुलींना शिकवायला लागली. माझा एक माजी विद्यार्थी पोलिसात लागला होता, तो एकदा शाळेत भेटायला आला आणि त्यानंच सांगितलं.

"सर, आमच्या एक बाई आहेत, फार वेगळ्या. पहिल्या तासाला बाकच बाहेर काढायला लावले. म्हणाल्या, ठाण्यात आलेल्या माणसाला बसायला जागा नसेल तर तुम्हांलाही नको. दोन तास उभे होतो आम्ही. पाय दुखायला लागले तेव्हा म्हणाल्या, आता कळलं? पहिला शब्द 'बसा'. 'काय आहे?' नाही, 'बोल' नाही. बसा."

"मग तुम्ही म्हणता का?"

"प्रयत्न करतो, सर. वरिष्ठ हसतात. पण बाई त्यांनापण सोडत नाहीत. एका साहेबांना म्हणाल्या, तुम्ही या पोराला दिवसभर 'ए' म्हणता, तो रस्त्यावर भाजीवालीला 'ए' म्हणतो, घरी बायकोला म्हणतो. 'ए' वरून सुरू होतं, साहेब, खालून नाही."

बाईंचं नाव मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. बसा. आईच्या तोंडून ऐकलेला शब्द होता तो.

हे काम सोपं नव्हतं, हे नंतर कळत गेलं. काही ठाण्यांत तिची टिंगल व्हायची, 'बसा-बाई' म्हणून. निवृत्त झाल्यावरही ती शीवच्या घरातून निघायची आणि बोलावलं तिथे, न बोलावलं तिथेही, शिपायांसमोर जाऊन उभी राहायची. अटकेतल्या बाईशी कसं बोलायचं, तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला परत का पाठवायचं नाही, पोलिसांच्या बायकापोरांना घरी कोणता पोलीस भेटतो, हेच विषय. एकदम बदल झाला असं कुणी म्हणणार नाही. एखाद्या ठाण्यात बाक आला, पाण्याचा माठ आला. दुसरीकडे पुन्हा होतं तसंच. थेंब टाकायचा आणि हलवत राहायचं, ही रीत तिला नवी नव्हती.

दादरला एका सभागृहाच्या दाराशी फळ्यावर तिचं नाव वाचून मी आत शिरलो आणि मागच्या रांगेत बसलो. केस पांढरे, आवाज तसाच. समोर तरुण शिपाई मुलंमुली आणि आमच्यासारखी काही रिकामटेकडी मंडळी. ती चौकशी कशी करावी यावर बोलत होती. म्हणाली, "कोपऱ्यात गाठलेला माणूस खरं बोलत नाही. सुटका होईल ते बोलतो. हे मी पुस्तकात नाही वाचलं. माझ्याच चाळीत शिकले."

आणि तिनं ती दुपार सांगितली. माझं नाव न घेता. परळ न म्हणता. चाळीतल्या एका मुलानं राखण सोडली, गाडी आली, सगळ्यांनी घेरलं तेव्हा घाबरून तिचं नाव सांगितलं.

"तो पतंगामागे गेला होता," ती म्हणाली.

मागच्या रांगेत मी खुर्चीचा हात धरला.

"मला कुणी सांगितलं नाही. संक्रांतीला मी त्याच्या दारात गेले, तर चौकटीवर त्याचा हात होता. बोटावर मांजाची चीर. ताजी. पोलिसाला एवढं कळायला हवं."

पुढे बसलेल्या एका शिपाई मुलीनं हात वर केला. "मग बाई, तुम्ही तिथेच का नाही सांगितलं? पुरावाच होता की."

"सांगून काय झालं असतं? चाळ तापलेली. एका पोराचा हात मोडलेला. याचं बोट मी वर धरलं असतं तर सगळ्यांनी याला फाडला असता. मला काय, मला चाळीनं टाकलं तर नोकरीनं दुसरी खोली दिली. त्याला कुठे बदली मिळणार होती?"

मग ती म्हणाली, "आणि वाटलं, येईल आपणहून. दार उघडं ठेवावं माणसाला."

"मग आला?"

"यायचाय अजून," ती म्हणाली आणि हसली. सगळे हसले. मीही हसलो, शेजारच्याला वेगळं काही दिसू नये म्हणून. तिनं मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. जाताना लोक तिच्याभोवती जमले होते. मी दुसऱ्या दारानं बाहेर पडलो.

त्यानंतरच्या थंडीत मी परात कापडी पिशवीत घातली आणि शीवला गेलो. मनात वाक्य तयार होतं. जिना चढताना ते म्हणून पाहिलं होतं. दार तिनंच उघडलं. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"वसंता! ये. बस."

बस, म्हणाली. आम्ही चहा घेतला. तिनं आईची आठवण काढली, वहिनीला मुलं किती विचारलं. मग म्हणाली, "दत्तूचो हात कसो आसा?" इतक्या वर्षांनी तिच्या तोंडी घरची बोली आली.

"वाकडाच," मी म्हणालो.

खिडकीतून किल्ल्याचा उतार दिसत होता, त्यावर उन्हं होती. हीच वेळ होती. तिचं लक्ष माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे गेलं. पितळेचा काठ बाहेर डोकावत होता.

"काय आणलंस ते?"

"काही नाही. भांडं आहे. कल्हईला न्यायचंय."

का म्हणालो, मला माहीत नाही. तयार वाक्याच्या जागी ते बाहेर आलं. तिनं काठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाळीतल्या त्या संध्याकाळी थांबली होती तशीच थांबली. मी कपातला राहिलेला चहा संपवत होतो.

"चांगली करून घे," ती म्हणाली. "कल्हई उडाली की हलवा बिघडतो."

निघताना तिनं माझ्या हातावर काटेरी हलवा ठेवला. या वेळी मी घेतला. बोललो मात्र नाही.

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी शोकसभेला गेलो. जुना शेजारी म्हणून मला बोलायला उभं केलं. मी तिच्या हातच्या हलव्याबद्दल बोललो. लोकांनी डोळे पुसले. तिच्या हाताखाली शिकलेले शिपाई, आता स्वतःच पोक्त झालेले, ओळीनं उभे होते. एकानं मला खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "बसा, काका."

हे लिहितोय तेव्हा स्वयंपाकघरात सून परातीशी बसली आहे. गॅस अगदी मंद केलाय, तरी पाक भराभर घालते, आणि तिळांचे गोळे होतात. मघाशी मी जाऊन तिच्या शेजारी पाटावर बसलो आणि सांगितलं, द्वारका कोण ते. पतंगाचंही सांगितलं. ती हलवायची थांबली. मग म्हणाली, "बाबा, त्यांना सांगायला हवं होतंत हो."

होय. त्या जिन्यावर म्हणून पाहिलेलं वाक्य अजून पाठ आहे. ते असं होतं:

ताई, त्या दुपारी तू 'आज काही नाही' असं म्हणाली नव्हतीस. तुझं काम तू कर, म्हणाली होतीस. मी ते केलं नाही, आणि सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं. तुझी परात आणली आहे. मला माफ कर.